गायचे प्रतिसाद: उत्तर कोण देणार ते आधी ठरवा

प्रश्न असा आहे: चर्चच्या गायकवृंदात बारा-चौदा जण आहेत, मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारे लोक, शंभराच्या आसपास. उपासनेतले प्रतिसाद आजवर नुसते म्हटले जात, ते आता गायचे आहेत. कोणत्या संगीतकाराची रचना घ्यावी, लोकांना ती कशी शिकवावी आणि गाताना हमखास बिघडतं ते काय?

संगीतकाराचं नाव सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: उत्तर कोण देणार? मंडळी देणार असेल तर टॅलिस, बर्ड, टॉमकिन्स या जुन्या इंग्रजी संगीतकारांच्या रचना कितीही देखण्या असल्या तरी बाजूला ठेवाव्या लागतात. गायकवृंद उत्तर देणार असेल आणि मंडळी ऐकता ऐकता प्रार्थना करणार असेल, तर ते सगळं भांडार मोकळं आहे. गायकवृंदाने चार आवाजांत गावं आणि लोकांनीही त्यात सूर मिसळावा, असा मधला मार्ग काढला की बहुतेक वेळा दोन्ही बाजू फसतात. ते का, हे पुढे येईलच.

‘प्रतिसाद’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचं गाणं वेगळं आहे. पुढारी, म्हणजे उपासना चालवणारा, एक ओळ म्हणतो आणि ठरलेली दुसरी ओळ उत्तरात येते, तो संवाद. अनेक विनंत्यांना एकच न बदलणारं उत्तर मिळतं, ती लिटनी. स्तोत्राच्या दर कडव्यानंतर लोकांचं ध्रुवपद येतं, ते प्रतिसादात्मक स्तोत्र. आणि प्रार्थनेवर उमटवलेली मोहोर म्हणजे आमेन. संवादात वेळ साधावी लागते, लिटनीत सूर टिकवावा लागतो, ध्रुवपदात सुरुवातीचा स्वर सापडावा लागतो. आमेन सोपं वाटतं आणि सर्वांत जास्त वेळा तेच विस्कटतं.

या प्रकारांतला एक फार जुना धडा चौथ्या शतकातला आहे. इ.स. ३५६ मध्ये अलेक्झांड्रियात सैनिकांनी चर्चला वेढा घातला, तेव्हा बिशप अथानासियसने डीकनला (उपासनेतल्या साहाय्यकाला) स्तोत्र वाचायला लावलं आणि लोकांना दर ओळीनंतर एकच उत्तर द्यायला सांगितलं: त्याची दया सनातन आहे. हे १३६ वं स्तोत्र, त्यात हे वाक्य प्रत्येक ओळीला येतंच. त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने जेरुसलेमचं वर्णन लिहून ठेवलं आहे. डीकन एकेक नाव घेतो आणि लहान मुलांचा घोळका दर नावाला ‘किरिए एलेइसोन’ (प्रभो, दया कर) असं उत्तर देतो. दोन्हीकडे उत्तर आखूड आहे, बदलत नाही आणि हातात कागद नसतानाही देता येतं. मंडळीसाठी रचना निवडताना हीच कसोटी लावावी. कागद काढून घेतला तर तिसऱ्या वेळी लोक ते गाऊ शकतील का? नसतील तर ती रचना मंडळीची नाही, गायकवृंदाची आहे.

आता संगीतकारांकडे. इंग्लंडमध्ये १५४९ साली उपासनेचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि पुढच्याच वर्षी, १५५० मध्ये, विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपेलमधल्या जॉन मार्बेकने त्याला चाली लावून छापल्या. हा तोच मार्बेक, ज्याला काही वर्षं आधी पाखंडाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला होता आणि मग माफी मिळाली. त्याने सगळा मजकूर फक्त चार चिन्हांत लिहिला: लांब, मध्यम, आखूड आणि ओळीच्या शेवटीच येणारं चौथं. आर्चबिशप क्रॅन्मरने आठव्या हेन्रीला लिहिलेल्या पत्रात एक अपेक्षा सांगितली होती: जमेल तिथे एका अक्षराला एकच स्वर असावा, म्हणजे शब्द स्पष्ट ऐकू येतील. मार्बेक जवळपास तेच करतो. १५५२ मध्ये पुस्तकच बदललं आणि त्याचं काम दोन वर्षांत जुनं झालं. एकोणिसाव्या शतकात लोकांना ते पुन्हा सापडलं आणि आजही मंडळीने गायच्या इंग्रजी प्रतिसादांचा पाया तेच आहे.

मार्बेकची चाल साधी म्हणजे किती साधी? बहुतेक ओळ एकाच स्वरावर चालते आणि शेवटी थोडी हलते. रोजच्या, म्हणजे सणावाराच्या नसलेल्या, प्रतिसादांत शेवटची उतरण बहुधा तीन अर्धस्वरांची असते: हार्मोनियमवर पांढरी चारवरून पांढरी दोनवर. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गंधारावर बोलत राहायचं आणि षड्जावर उतरायचं. ज्याला हार्मोनियमची पट्टी कळते त्याला हे एका मिनिटात सांगता येतं. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत बसायची गरज नाही.

टॅलिस (मृत्यू १५८५), बर्ड (मृत्यू १६२३), डरॅमचा विल्यम स्मिथ (१६०३ ते १६४५) आणि वूस्टरचा टॉमकिन्स (१५७२ ते १६५६) यांनी याच जातीच्या चालींभोवती अनेक आवाज विणले. इथेच वर सांगितलेली अडचण आहे. या जुन्या रचनांत मूळ चाल अनेकदा टेनरमध्ये, म्हणजे उंच पुरुषी आवाजात असते. मंडळी मात्र नेहमी सर्वांत वरचा आवाज ऐकते आणि त्यालाच चाल समजते. सोप्रानोची, म्हणजे त्या सर्वांत वरच्या आवाजाची, ओळ सुशोभित असते, उंच जाते, शब्द थोडे मागेपुढे करते. लोक ती पकडायला जातात, अर्ध्यात सोडतात आणि गायकवृंदाचा तोल जातो. मंडळीला सामील करायचंच असेल तर मूळ चाल सोप्रानोला दिलेली आणि सगळे आवाज एकाच वेळी शब्द उच्चारतील अशी साधी मांडणी शोधावी. एरवी मंडळीला सरळ सांगावं की आज तुम्ही ऐका. यात कमीपणा काही नाही, कारण ऐकणं हाही उपासनेतला सहभाग आहे.

जुने संच (एकेका संगीतकाराने रचलेले सगळे प्रतिसाद) वापरताना एक बारकावा बहुतेक जण विसरतात. प्रेसेस, म्हणजे सुरुवातीचे संवाद, ‘प्रभूची स्तुती करा’ या ओळीवर संपतात आणि तिला ‘प्रभूचं नाव धन्य असो’ असं उत्तर येतं. हे उत्तर १५५२ च्या पुस्तकात नाहीच. ते १६३७ च्या स्कॉटिश पुस्तकातून १६६२ मध्ये इंग्रजी पुस्तकात आलं. साहजिकच टॅलिस किंवा बर्ड यांनी ते रचलेलं नाही, आजच्या प्रतींत ते संपादकाने बसवलेलं असतं. म्हणून एकाच संचाच्या दोन आवृत्त्यांत शेवट वेगळा निघू शकतो. अर्ध्या गायकांकडे एक प्रत आणि अर्ध्यांकडे दुसरी असेल तर तालीम सुरू होताच घोळ होतो. सगळ्यांच्या हाती एकच आवृत्ती द्या, तिची प्रस्तावना वाचा आणि संपादकाने कुठे भर घातली आहे ते पेन्सिलने टिपून ठेवा.

हे जुने संच विसाव्या शतकात पुन्हा सर्रास गायले जाऊ लागले, त्याला ॲटकिन्स आणि फेलोज यांनी १९३३ मध्ये काढलेल्या सहा संचांच्या आवृत्तीचा मोठा हातभार लागला. मग नव्यांची रीघ लागली. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा बर्नार्ड रोझ (१९१६ ते १९९६) यांत सर्वाधिक गायला जातो. त्याच्याकडे पुढाऱ्याची ओळसुद्धा रचलेली आहे, ती एका स्वरावर उभी राहत नाही. त्यामुळे पुढाऱ्याला वाचनाची सवय असून भागत नाही, गाता यावं लागतं. केनेथ लेटन (१९२९ ते १९८८) सुरांच्या दृष्टीने तिखट आहे, तिथे प्रत्येक आवाजाला आपला स्वर शेजाऱ्याच्या आधाराशिवाय धरता यायला हवा. हम्फ्री क्लुकसने आपला गाजलेला संच विद्यार्थिदशेतच लिहिला. तो ऐकायला भरदार आहे, गायला वाटतो तितका अवघड नाही. रिचर्ड शेफर्ड (१९४९ ते २०२१) मध्यम ताकदीच्या गायकवृंदाला झेपतो.

बारा-चौदा जणांत स्मिथ घ्यावा का? मोह होतो, कारण तो अतिशय गोड आहे. पण त्याच्या रचनेत पाच आवाज आहेत आणि त्यांत आल्टो, म्हणजे बायकांचे खालचे आवाज, दोन. तुमच्याकडे चार आल्टो असतील तर प्रत्येक ओळीला दोघी उरतात. एक गैरहजर राहिली की दुसरी एकटी पडते. टेनर सहसा सर्वांत कमी असतात, त्यांची तर आधी मोजणी करा. प्रत्येक ओळीला किमान दोन भरवशाचे आवाज, ते दोघे एकमेकांच्या श्वासाच्या जागा भरून काढू शकतील असे, हा हिशेब जमत नसेल तर चार आवाजांचा संच घ्यावा. तोही जमत नसेल तर एकाच आवाजात मार्बेक. स्वच्छ एकसुरात गायलेला मार्बेक गळक्या स्मिथपेक्षा शंभर पटींनी बरा.

रोमन कॅथलिक परंपरेत प्रश्नाची मांडणी थोडी वेगळी आहे, आणि तिथून एक फार उपयोगी नियम घेण्यासारखा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात लोकांचे उद्घोष, उत्तरं, स्तोत्रगान यांना प्रोत्साहन द्यायला सांगितलं. १९६७ च्या ‘मूसिकाम साक्राम’ या सूचनापत्राने पुढे जाऊन क्रमही लावून दिला. आधी गावेत ते संवाद: धर्मगुरूचं अभिवादन आणि लोकांचं उत्तर, शुभवर्तमानाच्या वेळचे उद्घोष, प्रीफेसचा, म्हणजे मुख्य आभारप्रार्थनेच्या सुरुवातीचा, संवाद आणि ‘पवित्र, पवित्र’, प्रभूची प्रार्थना, निरोप. किरिए, ग्लोरिया (गौरवगीत) यांचा क्रम त्यानंतर आणि प्रवेशगीत, दानगीत त्याच्याही नंतर. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं: चार गीतं दणक्यात गायली जातात आणि ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ कोरडं म्हटलं जातं. शून्यातून सुरुवात करणाऱ्याने हा क्रम डोळे मिटून पाळावा. पहिला गायचा प्रतिसाद म्हणजे प्रीफेसआधीचा संवाद. तीन हाका, तीन उत्तरं. तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या मजकुरातही तो सापडतो. तो गायला की लगेच ‘पवित्र, पवित्र’ गाणं सहज होतं, कारण सूर आधीच कानांत बसलेला असतो.

स्तोत्राच्या ध्रुवपदासाठी झोझेफ जेलिनो (१९२० ते २००८) या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. त्याची स्तोत्रं १९५३ पासून प्रसिद्ध झाली. त्यांत ठोके समान अंतरावर पडतात, पण दोन ठोक्यांमध्ये अक्षरं कितीही येऊ शकतात: कधी एक, कधी तीन, कधी चार. हिब्रू कवितेची चालच अशी आघातांवर मोजलेली आहे. एकट्या गायकाने कडवं गायचं आणि लोकांनी ध्रुवपद. गायकाने ठोका सोडला तर ध्रुवपद कधी सुरू करायचं ते लोकांना कळत नाही. त्याने शब्द ताणले तर ठोका मोडतो. सरावाला एका हाताने मांडीवर ठोका धरावा आणि शब्द त्याच्यावर टाकत जावे, अगदी भजनात टाळ धरतात तसं.

ध्रुवपद निवडताना मोजमाप असं ठेवा. अक्षरं बारा-चौदाच्या आत. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर यांत सहा स्वरांपेक्षा जास्त अंतर नको. बायकांच्या आवाजात खाली मंद्र सप्तकातली काळी पाच आणि वर तार सप्तकातली पांढरी दोन ही सीमा. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. सकाळच्या उपासनेला वरची सीमा अर्ध्या स्वराने कमी करा, गळे तापलेले नसतात. पहिला स्वर गायकाच्या कडव्याच्या शेवटच्या स्वराशी जुळलेला असावा: तोच, किंवा एका-दोन पायऱ्यांवर. कडवं एका टोकाला संपतं आणि ध्रुवपद दुसऱ्या टोकाला सुरू होतं, अशी रचना कागदावर छान दिसते पण लोक पहिले दोन शब्द गाळतात. आणि ध्रुवपद दर आठवड्याला बदलू नका. वाचनमालेत (उपासनेत वाचायच्या बायबलच्या उताऱ्यांच्या ठरलेल्या यादीत) ऋतूंसाठी सामायिक स्तोत्रं आणि ध्रुवपदं दिलेली आहेत, ती याच कामासाठी. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चारही रविवार एकच ध्रुवपद चाललं तरी काही बिघडत नाही. उलट तिसऱ्या रविवारी लोक मान वर करून गातात.

तेझे या फ्रान्समधल्या ख्रिस्ती मठसमुदायाच्या प्रार्थनेतली गीतं याच कुटुंबातली. झाक बेर्तिए (१९२३ ते १९९४) हा पॅरिसमधला ऑर्गनवादक. तेझेला अनेक देशांचे तरुण येऊ लागले, तेव्हा सगळ्यांना काही मिनिटांत येईल असं काहीतरी हवं होतं. त्याने दोन-चार ओळींचा तुकडा रचला, तो लोक फिरून फिरून गातात आणि एकटा गायक त्याच्यावरून कडवी सोडतो. शिकवायला सर्वांत सोपं हेच, आणि थांबवायला सर्वांत अवघडही हेच. शेवट आधी ठरवून ठेवा: ऑर्गनवादक एका फेरीसाठी वाजवणं थांबवतो, लोक साथीविना एकदा गातात, मग संपवायचं. किती फेऱ्या ते कागदावर लिहू नका, पण पाचच्या आत संपवलं तर त्या गाण्याला अर्थच उरत नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स उपासनेत तर प्रतिसाद जवळजवळ अखंड चालू असतात. काही ठरावीक जागी ‘प्रभो, दया कर’ चाळीस वेळा येतं. चायकोव्हस्कीने १८७८ मध्ये आणि राखमानिनोव्हने १९१० मध्ये संपूर्ण लिटर्जीला, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेला, संगीत दिलं, त्यात असे छोटे प्रतिसादही आहेत. मैफलीत ते गाळले जातात हे दुर्दैव, कारण मोठ्या संगीतकाराची कसोटी चार अक्षरांतच लागते.

मराठी शब्द बसवायचे असतील तर एक वेगळाच पेच येतो आणि तो सहसा कोणी सोडवून ठेवत नाही. इंग्रजी चाल आघातावर उभी आहे: जोर देऊन उच्चारलेलं अक्षर उतरणीच्या स्वरावर पडतं. मराठीत आघात सौम्य असतो, कानाला जाणवतं ते लघु-गुरू. म्हणून उतरणीची जागा गुरू अक्षराला द्यावी. ‘आणि तुझ्या आत्म्याबरोबर’ घ्या. ‘आणि तुझ्या आ’ एका स्वरावर, ‘त्म्या’वर थोडं टेकून, आणि उतरण ‘रो’वर. ‘बरोबर’च्या पहिल्या ‘ब’वर उतरलात तर शब्द लंगडतो.

दुसरा पेच शेवटच्या अकाराचा. बोलताना आपण ‘दया कर्’ म्हणतो, गाताना ‘दया कऽर’ किंवा ‘दया क-रऽ’. अर्धे गायक एक करतात आणि अर्धे दुसरं, आणि ओळीचा शेवट फाटतो. पद्धत कुठलीही वापरा, पण नियम एकच ठरवा. माझं मत: एकट्या स्वरावर संपणाऱ्या ओळीत बोलण्यासारखं व्यंजनान्त ठेवा, ‘कर्’मधला ‘र’ सगळ्यांनी एकाच क्षणी. दोन स्वरांवर उतरणाऱ्या ओळीत ‘क’ पहिल्यावर, ‘र’ अकारासकट दुसऱ्यावर. हे प्रतीवर खुणा करून द्या, तोंडी सांगून राहत नाही.

भाषांतर बदललं की चालही तपासावी लागते. २०११ मध्ये मिस्साचं, म्हणजे कॅथलिक उपासनेचं, नवं इंग्रजी भाषांतर आलं, तेव्हा लोकांच्या तोंडात बसलेली अनेक संगीतं नव्या शब्दांसाठी दुरुस्त करावी लागली. याउलट इंग्लंडमध्ये २०२२ साली राजासाठीच्या प्रार्थनेत ‘क्वीन’ऐवजी ‘किंग’ आलं आणि सगळे जुने संच जसेच्या तसे चालले, कारण दोन्ही शब्द उच्चारात एकाच अक्षराचे. शब्दरचनेत एक अक्षर वाढवण्याआधी हे लक्षात ठेवावं.

आता काय बिघडतं ते.

सूर उतरतो. हे सर्वांत जास्त होतं आणि कारण साधं आहे: एकाच स्वरावर बोलताना तो स्वर पुन्हा पुन्हा गातोय याचं भान राहत नाही, आवाज बोलण्याच्या पट्टीकडे घसरतो. प्रत्येक संवादात अगदी थोडा फरक पडतो, पण सायंप्रार्थनेत क्रीडनंतर, म्हणजे विश्वासाच्या कबुलीनंतर, सहा संवाद आणि तीन प्रार्थना ओळीने येतात. शेवटी अर्धा स्वर गेलेला असतो. मोठी लिटनी तर पूर्ण स्वर खाते. सगळा दोष गायकांचा नसतो. पुढारी खाली आला की गायकवृंद इमानदारीने त्याच्याबरोबर उतरतो. उपाय: पुढाऱ्याने प्रत्येक ओळीचा पहिला स्वर नव्याने, किंचित वरून घ्यायचा, मागच्या ओळीवरून ओढत आणायचा नाही. ‘आ’ आणि ‘अ’ हे स्वर तोंडात मागे जाऊ देऊ नयेत, ते मागे गेले की सूर पडतो. आणि प्रार्थनांच्या मध्ये ट्यूनिंग फोर्क कानाशी लावायला लाजू नये. फोर्क पांढरी सहा देतो. तिथून चार अर्धस्वर खाली पांढरी चार. ही उडी पुढाऱ्याला झोपेतसुद्धा यायला हवी.

वेग. एका स्वरावरचे शब्द घोड्यासारखे पळतात आणि शेवटच्या उतरणीवर सगळे ब्रेक लावतात. ऐकणाऱ्याला फक्त शेवट ऐकू येतो. शब्द सेकंदाला तीन-चार अक्षरांच्या बोलत्या गतीने जावेत आणि उतरणीतही तीच गती राहावी. तालमीत आधी ओळ नुसती बोलायची, सगळ्यांनी एकत्र, मग त्याच गतीत एका स्वरावर, मग चालीसकट. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे वगळलं की पुढचा अर्धा तास त्याची भरपाई करण्यात जातो.

फट. पुढाऱ्याची ओळ संपली आणि उत्तर यायला वेळ लागला की संवादाचा जीव जातो. फार लवकर आलं की पुढाऱ्याचा शेवटचा शब्द चिरडला जातो. एका शांत श्वासाएवढी जागा पुरे, साधारण एक सेकंद. घुमणाऱ्या वास्तूत शेवटचं व्यंजन विरेपर्यंत थांबावं. गायकवृंद असेल तर संचालकाने पुढाऱ्याच्या शेवटच्या अक्षरावरच उचल दाखवायची, ते संपल्यावर नव्हे. मंडळी असेल तर पुढाऱ्याने ओळ संपवून लोकांसोबत दिसेल असा श्वास घ्यायचा. तो श्वासच इशारा.

आमेन. ते विस्कटतं याचं कारण आमेनमध्ये नसतं, त्याच्या आधी असतं. पुढारी प्रार्थनेचा शेवट दर वेळी वेगळ्या उतरणीने करतो, त्यामुळे प्रार्थना संपली की अजून चालू आहे ते लोकांना कळत नाही. ‘आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे’ ही ओळ नेहमी एकाच पद्धतीने उतरवा, आमेन आपोआप एकत्र येईल. साधं आमेन दोन स्वरांचं, त्याच जागी किंवा एक पायरी वर. ड्रेस्डेन आमेन, जे नाउमानच्या (१७४१ ते १८०१) नावावर सांगितलं जातं आणि मेंडेलसोन, वाग्नर यांनी आपापल्या कृतींत वापरलं, किंवा स्टेनरचं सात पदरी आमेन, हे उपासनेच्या अगदी शेवटी एकदा शोभतं. तीन छोट्या प्रार्थनांवर तीन भव्य आमेन लावली तर प्रार्थना लहान आणि आमेन मोठं होतं.

ऑर्गन किंवा हार्मोनियमची साथ मंडळीच्या उत्तराला द्या, पुढाऱ्याच्या ओळीला नको. पुढाऱ्याखाली सूर धरून ठेवला की तो शब्द सोडून सुराच्या मागे लागतो. साथीविना गायकवृंदाचा सूर उतरला असेल आणि लगेच नंतर ऑर्गन मूळ पट्टीत घुसणार असेल, तर मध्ये बोललेलं वाक्य किंवा शांतता ठेवा. नाहीतर तो अर्धा स्वर सगळ्या चर्चला ऐकू येतो.

शिकवण्याची रीत अशी. उपासनेच्या दहा मिनिटं आधी, एका वेळी एकच नवा प्रतिसाद. पुढाऱ्याने एकट्याने गावं, हात वर करून लोकांकडून परत घ्यावं, पुन्हा एकदा, बस. समजावून सांगू नका. चालीचा इतिहास, लॅटिन मूळ, संगीतकाराचं नाव यांतलं काहीही त्या दहा मिनिटांत नको. गायकवृंदातले चार जण मंडळीत विखरून बसवा, पुढच्या रांगेत नव्हे, मधल्या आणि मागच्या. लोक आपल्या शेजाऱ्याचं ऐकून गातात. पहिले चार रविवार काही बदलू नका, चुकलं तरी. पाचव्या आठवड्याला दुसरा संवाद जोडा.

शेवटची सूचना ध्वनिक्षेपकाबद्दल, आणि ती सर्वांत जास्त मोडली जाते. पुढाऱ्याने आपली ओळ मायक्रोफोनवर गावी आणि लोकांचं उत्तर सुरू होताच एक पाऊल मागे जावं, किंवा तोंड वळवावं. त्याचा आवाज लोकांच्या उत्तरावरही भोंग्यातून येत राहिला तर तिसऱ्या संवादापर्यंत लोक गाणं थांबवतात, कारण त्यांचं काम कोणीतरी आधीच करतोय असं त्यांना वाटतं. बाकी सगळं जमूनही मंडळी गात नसेल तर संगीतकार बदलण्याआधी हे एकदा तपासून पाहा.